पुण्याहून बेळगावला बिऱ्हाड हलवायचं आहे : स्वस्ताई सोडून आणखी काय बघावं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोडला भाड्याच्या घरात राहतो. दर नूतनीकरणाला मालक जे तोंड उघडतो ते आता परवडेनासं झालंय. माझं काम बहुतेक घरूनच चालतं, अधूनमधून ऑफिसात तोंड दाखवलं की झालं. बायकोचं माहेर बेळगाव, वडगावात. सासरे बरेच दिवस म्हणतायत, इकडेच या. मुलगी आठवीत आहे, मुलगा दुसरीत. बाबा सत्तरीच्या पुढचे, बीपी आणि शुगर दोन्ही. गाडी एमएच १२, कर्ज अजून चालू.

भाडं, भाजी, दूध, कामवाल्या मावशी, हे सगळं तिकडे स्वस्त पडतं ते आम्हाला जाऊन-येऊन माहीत आहे. पण पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि राज्य बदलून राहणं वेगळं. नंतर कुठे अडकायला होतं ते अनुभवी लोकांनी सांगावं. पुढे जमलं तर तिकडेच फ्लॅट घ्यायचाही विचार आहे. ‘त्यापेक्षा कोल्हापूरला जा’ असं सांगणारे येणारच, तेही सांगा. फक्त सीमाप्रश्नावर कुस्ती नको, हात जोडतो.

अनगोळचा_बा

या की ओ! विचारायलाय काय त्यात.

घर बघताना आधी पाणी बघा. शहरात काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, आणि चार गल्ल्या पलीकडे दिवसाआड की दोन दिवसांआड याचा हिशेब बायका तोंडपाठ सांगतात. घरमालक ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ म्हणणारच. शेजारच्या घरी जाऊन विचारा. जुन्या घरांत आड असतो, तो असला आणि चालू असला तर लई सोय होते. उन्हाळ्यात कळतं त्याचं मोल.

दुसरं, पाऊस. पुण्याचा पाऊस तुम्ही विसरा. जुलैत इकडे एकदा लागला की थांबायचं नाव नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. बाबांना दम्याचा त्रास असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये एकदा पंधरा दिवस राहून बघा, डिसेंबरात येऊन घर पसंत करू नका. डिसेंबरात बेळगाव सगळ्यांनाच आवडतं. बळ्ळारी नाल्याच्या अंगानं स्वस्त प्लॉट दाखवतील, तिकडे भातशेती पाण्याखाली जाते हे येळ्ळूर-वडगावचं कुणीही पोर सांगेल. तुमचे सासरेच सांगतील म्हणा.

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर ही बरी वस्ती, मराठी बोलून सगळं चालतं. भाडं तिथं जास्त, तरी पुण्याच्या मानानं काहीच नाही. रेल्वे गेटच्या कुठल्या बाजूला घर आणि कुठल्या बाजूला शाळा, एवढं मात्र बघा.

कागदवेडी

थोडं थंड पाणी ओतते. राज्य बदललं की कर वाचतो हा समज आपल्याकडे अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलाय. तिकडे टेक्सास-फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही, म्हणून लोक बिऱ्हाडं हलवतात. आपला इन्कमटॅक्स केंद्राचा, पुण्यात जेवढा तेवढाच बेळगावात. व्यवसाय कर महाराष्ट्रात वर्षाला २,५०० आणि आता कर्नाटकातही २,५००. म्हणजे पगाराच्या स्लिपवर वाचणारी रक्कम शून्य. उलट कंपनीनं बेस लोकेशन बदललं म्हणून पगाराला कात्री लावली तर? ते आधी एचआरकडून ईमेलवर घ्या, तोंडी नको.

आता फ्लॅट. समजा साठ लाखांचा आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४,२०,०००, आणि नोंदणी शुल्क १ टक्का पण त्याला ३०,००० ची मर्यादा. एकूण साडेचार लाख. कर्नाटकात मुद्रांक ५ टक्के, म्हणजे ३ लाख. ऐकून बरं वाटतं. पण त्या तीन लाखांवर १० टक्के सेस आणि शहरात २ टक्के सरचार्ज, झाले ३,३६,०००. मग नोंदणी शुल्क. ते ३१ ऑगस्ट २०२५ पासून एकावरून दोन टक्के झालंय आणि त्याला वरची मर्यादा नाही, म्हणजे आणखी १,२०,०००. बेरीज ४,५६,०००. बायकोच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात एक टक्का सूट मिळते, तीही जमेला धरा. घर स्वस्त असेल, पण नोंदणी त्याच भावात पडते.

म्हणून माझं मत : निदान दोन पावसाळे भाड्यानं राहा. तिकडे ‘भाड्याला’ आणि ‘लीजवर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लीज म्हणजे एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. मालकाकडे ती परत द्यायला असेल का, हा प्रश्न रक्कम देण्याआधी विचारायचा असतो.

निपाणकर

मी उलटा माणूस. राहतो निपाणीत, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. रोज राज्य ओलांडतो. व्यवसाय कर महाराष्ट्रात कापला जातो, घरपट्टी कर्नाटकात भरतो, दवाखान्याला आणि कपडे घ्यायला कोल्हापूरला जातो. आमच्याकडे निम्म्या कंपनीचं हेच आहे, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

त्रास होतो तो एकाच वेळी : वातावरण तापलं की दोन्हीकडच्या एसटी बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये असंच झालं, काही दिवस बस हद्दीपर्यंत येऊन परत जायच्या. रोजचं येणं-जाणं असेल तर स्वतःची दुचाकी हवी. तुम्हाला पुण्याला अधूनमधून जायचंय तर रेल्वे बरी. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगावला थांबते, पण आठवड्यातून तीनच दिवस. ऑफिसचा वार आणि गाडीचा वार जुळवून घ्या. रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे, पण सातारा-कागल रुंदीकरण चालू असेपर्यंत गुगलनं सांगितलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका.

सदाफुली

मी बेळगावात शिकवते. भाडं, मुद्रांक, रस्ता हे सगळं मागाहून बघा. तुमचा खरा प्रश्न मुलगी आठवीत आहे हा आहे, आणि त्याबद्दल इथे अजून कुणी अक्षर काढलेलं नाही.

कर्नाटकात सीईटीच्या सरकारी जागांसाठी मुख्य नियम असा की पहिली ते बारावी या काळात निदान सात वर्षं राज्यात शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी इथून पास असावं. मुलगा दुसरीत आहे, त्याची सात वर्षं आरामात भरतील. मुलगी नववीला आली तर नववी, दहावी, दोन वर्षं पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी. चारच वर्षं. या नियमात ती बसत नाही.

महाराष्ट्राकडून बघितलं तर इंजिनिअरिंगला आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर ती राज्याची उमेदवार धरली जाते. मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्याला मात्र साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रानं वेगळी सोय ठेवली आहे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशात तिला टाइप ई म्हणतात. पण तिला त्या गावांतल्या रहिवासाचा दाखला लागतो. काल आलो आणि आज दाखला काढला असं होत नाही.

आणि कन्नड. २०१५ च्या कायद्यानं कन्नड हा विषय शाळेत टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, सीबीएसई शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. दुसरीतल्या मुलाला काही वाटणार नाही, सहा महिन्यांत गल्लीतल्या पोरांशी भांडायला लागेल. नववीतल्या मुलीला बाराखडीपासून सुरुवात करून वर्ष-दीड वर्षात एसएसएलसीचा, म्हणजे इकडच्या दहावीचा पेपर द्यायचा, हे मी वर्गात बघितलंय. हुशार मुली रडकुंडीला येतात. बाकी सगळ्या विषयांत पुढे आणि एका विषयामुळे मान खाली.

आता एक विचारते. वहिनींचं शिक्षण कुठे झालं?

सिंहगडरोडकर

पहिलीपासून बी.कॉम.पर्यंत सगळं बेळगावातच. पहिली ते दहावी मराठी माध्यम. त्याचा काय संबंध?

सदाफुली

तोच तर संबंध! कर्नाटकाच्या पात्रतेत आणखी एक कलम आहे : मुलानं अकरावी-बारावी इथे केली आणि आई किंवा वडील यांपैकी एकजण राज्यात निदान सात वर्षं शिकलेला असेल, तर मूल पात्र ठरतं. शाळा मराठी माध्यमाची होती की कानडी, याला महत्त्व नाही. शाळा राज्यातली हवी, एवढंच.

म्हणजे मुलीची दहावी पुण्यातच होऊ द्या. मग पीयूसीला इकडे या. पीयूसीला इंग्रजीबरोबर दुसरी भाषा मराठी घेता येते, कॉलेज निवडताना ते विचारून घ्या. तेव्हा मुलगा चौथी होऊन पाचवीत येईल. पाचवी ते बारावी आठ वर्षं, त्याचंही जमतं. शाळेकडून वहिनींचा शिक्षणाचा दाखला घ्यायचा आणि त्यावर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायची. हे काम आत्ता सुट्टीत माहेरी याल तेव्हाच करा, ऐन काउन्सेलिंगच्या वेळी नको.

कागदवेडी

सदाफुलीताई, दंडवत. मी साठ लाखांची बेरीज करत बसले होते.

यात एक भर. निघण्याआधी नवरा-बायको दोघांनीही महाराष्ट्राचं डोमिसाइल काढून ठेवा, सलग पंधरा वर्षांच्या रहिवासाचे पुरावे अजून हाताशी आहेत तोवर. जातीचा दाखला लागणारं कुटुंब असेल तर तोही आधी काढा. दुसऱ्या राज्यात गेल्यावर मूळ राज्याची सवलत तिकडे लागू होत नाही. अनुसूचित जाती-जमातींबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे १९९० मध्येच स्पष्ट केलंय. इतरांच्या याद्याही प्रत्येक राज्याच्या वेगळ्या.

भगवा_सह्याद्री

पैशासाठी महाराष्ट्र सोडून जिथे १९५६ पासून मराठी माणूस झगडतोय तिथे जाऊन कानडी पाट्यांखाली राहायचं? आणि मुलांना कन्नड शिकवायचं? धन्य आहे.

अनगोळचा_बा

दादा, आम्ही काय चंद्रावर राहतो? सीमाभागात मराठी माणूस वाढला तर तुम्हाला दुखायला नको, उलट आनंद व्हायला पाहिजे. आमच्या घरात १ नोव्हेंबरला निषेधाच्या काळ्या दिनाला जाणारे आहेत आणि त्याच घरातली पोरं कानडीत फाडफाड बोलतात. सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेपर्यंत हेस्कॉमचं विजेचं बिल कुणी भरायचं?

सिंहगडरोडकर, तुम्हाला कामाचं तेवढं सांगतो. १ नोव्हेंबरच्या आसपास आणि बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं त्या दिवसांत एमएच पाटीची गाडी घेऊन गावभर फिरू नका, घरी उभी करा. अधिवेशनात हलग्याकडच्या हायवेला तसाही वैताग असतो. बाकी वर्षभर कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या गाड्या इकडे किती दिसतात ते मोजून बघा, कंटाळाल.

गिअरबॉक्स

गाडीचं अर्धवट राहिलं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी आधी बँकेची एनओसी (तुमचं कर्ज चालू आहे), मग पुणे आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मग बेळगावात केए २२ चा नंबर आणि लाइफटाइम टॅक्स. कर्नाटकाचा रोड टॅक्स देशातल्या महागड्यांपैकी. नव्या कारला किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के, वर सेस. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी पोटात गोळा येतो. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नवा नंबर मिळाल्यावर, आणि चिकाटी असेल तर.

हिशेब असा करा : गाडी सहा-सात वर्षं जुनी झाली असेल तर पुण्यातच विकून बेळगावात केए पासिंगची सेकंडहँड घेणं कधीकधी स्वस्त पडतं. दोन वर्षांनी जाणार असाल तर आता पुण्यात नवी गाडी अजिबात घेऊ नका. बीएच सिरीज (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) मिळत असेल तर गोष्ट वेगळी, पण खासगी नोकरीत कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत लागतात.

खानापूर_लोकल

फ्लॅटचं बोलताय तोवर ठीक. पण सासरे कधीतरी म्हणतील, ‘खानापूरकडे दोन एकर घेऊन ठेवू.’ पुण्याचे लोक इकडे या मोहात फार पडतात, कारण महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि कर्नाटकानं २०२० मध्ये ती अट काढून टाकली. अट गेली, भानगडी गेल्या नाहीत. उतारा कानडीत. जमीन सरकारनं दलित-आदिवासींना दिलेली असेल तर १९७८ च्या पीटीसीएल कायद्यानं परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होते, मग मधे कितीही खरेदीखतं झालेली असोत. भीमगडच्या अंगाला जंगल खात्याची हद्द. एजंट यातलं काहीच बोलत नाही, तो धबधबा दाखवतो. उतारा वाचता येणारा स्वतःचा वकील घ्या, एजंटनं आणलेला नको.

शहरातल्या प्लॉटलाही तसंच. बुडाची (नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आहे का आणि ई-खाता (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) आहे का, दोनच प्रश्न विचारा. ‘नंतर होऊन जाईल’ असं उत्तर आलं की चहा पिऊन उठा.

चंदगडी

तुम्ही मागितलाय म्हणून तिसरा पर्याय देतो. कोल्हापूर नको, शिनोळी बघा. बेळगावातून निघालं की तासाच्या आत महाराष्ट्र, चंदगड तालुका. आमच्याकडचे लोक बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला बेळगावलाच जातात. रेशन, डोमिसाइल, गाडीचा नंबर सगळं महाराष्ट्राचं. पण शिनोळी म्हणजे एमआयडीसी आणि शेत, पुणेकरांना करमेल असं सांगवत नाही.

हिंदवाडीची_सून

सासू-सासऱ्यांना घेऊन इकडे आलेय, म्हणून म्हाताऱ्या माणसांबद्दल लिहिते. दवाखान्यांची वाण नाही, मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल गावातच आहे, गर्दी आहे पण सगळी खाती एका आवारात. डॉक्टर मराठी बोलतात, नर्स बऱ्याचदा कानडी. ‘कुठे दुखतं’ एवढं कानडीत कळलं की बाबांचा जीव भांड्यात पडेल. आरोग्य विमा असेल तर कंपनीला पत्ता कळवताना झोनचं विचारा. काही पॉलिसींत लहान शहराचा पत्ता दिला की हप्ता उतरतो, पण मग उद्या पुण्या-मुंबईत ऑपरेशन झालं तर बिलाचा काही टक्के भाग आपल्या खिशातून. बाबांचे जुने डॉक्टर पुण्यातच ठेवणार असाल तर हप्ता वाचवायला जाऊ नका.

सरकारी योजनांबद्दल उगाच आशा नको. घरच्या बाईला महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार इन्कमटॅक्स भरणाऱ्याच्या घरात येत नाहीत. ‘शक्ती’ मात्र खरी : आधारवर कर्नाटकचा पत्ता आला की वहिनी आणि मुलगी राज्याच्या साध्या बसमधून फुकट. कॉलेजच्या पोरींना तर वरदान आहे. गृहज्योतीची फुकट वीज भाडेकरूंनाही मिळते, हेस्कॉमच्या बिलावरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा नंबर) आधारला जोडायचा. घर बघायला जाल तेव्हा मालकाला विचारा, आधीच्या भाडेकरूनं आपलं आधार काढून घेतलंय का. आमच्याकडे घेतलं नव्हतं, ते सोडवेपर्यंत पूर्ण बिल भरलं.

कार्यालयात काम असलं की अर्ज कानडीत लागतो. बाहेर लिहून देणारे बसलेले असतात. मी मोबाइलवर भाषांतर करून नेलं होतं, खिडकीतल्या बाईंनी वाचून हसून परत दिलं, आणि मग स्वतःच दुरुस्त करून घेतलं. सगळेच तसे नसतात, पण एक ‘नमस्कारा’ आणि मोडकं कानडी लई काम करतं.

सिंहगडरोडकर

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी धागा मोठ्यानं वाचला. मुलीची दहावी पुण्यात, नंतर पीयूसीला बेळगाव, हे ठरल्यात जमा आहे. तोवर घरमालकाशी आणखी दोनदा घासाघीस करावी लागेल. फ्लॅटचा विषय बंद, गाडी आहे तीच वापरणार, आणि खानापूरचं खरोखरच सासऱ्यांच्या मनात होतं!

बायको दिवाळीत माहेरी जातेय, तेव्हा दाखल्याचं काम काढतो. एकच शंका : ती शाळा आता दुसऱ्या इमारतीत गेलीय आणि मुलींचा विभाग वेगळा होता तो मुलांच्या शाळेत विलीन झालाय. दाखला कोण देणार?

सदाफुली

विलीन झालेल्या शाळेचं जनरल रजिस्टर नव्या शाळेकडेच जातं, मुख्याध्यापक त्यावरून दाखला देतात. रजिस्टर त्यांच्याकडे नसेल तर बीईओ कार्यालयात चौकशी करा. जाताना वहिनींच्या जुन्या लिव्हिंग सर्टिफिकेटचा नंबर आणि दहावीचं वर्ष घेऊन जा, नाहीतर क्लार्क तीन रजिस्टरं पुढ्यात टाकून म्हणेल, शोधा.

आणि दाखल्यावर माहेरचं नाव असणार, मुलीच्या कागदांवर आईचं सासरचं नाव. मॅरेज सर्टिफिकेट आहे ना? नसेल तर दिवाळीच्या आधी ते काढा. दरवर्षी निम्म्या पालकांचं घोडं तिथेच अडतं.

सिंहगडरोडकर

लग्नाचा अल्बम आहे, सर्टिफिकेट नाही. उद्याच बघतो.